दोब्रोमिलाची कातर

मी लोकर कापायची कातर आहे, मित्रांनो. तुमच्या घरी शिवणाच्या डब्यात असते तशी मी नाही. माझ्या मधोमध खिळा नाही, बोटे घालायला कड्याही नाहीत. एकच लांब लोखंडी पट्टी वाकवून माझी पाठ केली आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना वीतभर पाती आहेत. मुठीत दाबले की पाती एकमेकांवरून सरकतात, मूठ सैल केली की मी आपोआप उघडते. इतकी साधी माझी घडण. पण या पात्यांनी मेंढ्यांची लोकर कापली, राजकन्येचे केस कापले आणि माणसाचे मांसही कापले. यातल्या कशाचा मी अभिमान बाळगावा आणि कशाची लाज, हे माझी गोष्ट ऐकून तुम्हीच ठरवा.

निदा नदीकाठच्या दलदलीत तांबडी माती सापडते. ती भाजली की तिच्यातून लोखंड निघते. ओल्शाना गावच्या सुलेक लोहाराने त्या लोखंडातून मला घडवले, आपल्या बायकोसाठी.

"घे," मला तिच्या हातात ठेवत तो म्हणाला, "आता तरी मेंढीला ओरबाडू नकोस. सवत नाही ती तुझी."

"सवत असती तर कातर कशाला लागली असती?" पेख्ना म्हणाली. दोघेही हसले.

त्या उन्हाळ्यात आम्ही साठ मेंढ्या भादरल्या. एकीच्याही अंगावर ओरखडा उठला नाही. शेजारच्या गावांतून बायका मला बघायला यायच्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो एकच उन्हाळा असा होता की ज्यात रक्त नव्हते.

पुढच्या वर्षी राजाचे घोडेस्वार आले. तरुण राजा वोइस्लाव याचे चुलतभावाशी युद्ध चालू होते. त्याला लोखंड हवे होते आणि सैन्याला खायला मेंढ्या. स्वार सुलेकची ऐरण उचलू लागले तेव्हा तो आडवा आला.

"ऐरण नेलीत तर मी खाऊ काय?"

 एका स्वाराने भाला उचलला आणि सुलेकला त्याच्याच भट्टीच्या दाराला खिळवून टाकले. पेख्ना अंगणात मेंढी धरून बसली होती. मी तिच्या मुठीत होते आणि तिने मूठ इतकी आवळली की माझी पाती पुन्हा उघडेनात. मेंढ्या हाकलल्या तशी तिलाही त्यांनी किल्ल्याकडे हाकलले. भादरणारी बाई राजाच्या लोकरखान्यात कामाला येईल, असे त्यांचे म्हणणे.

राजाची धाकटी बहीण दोब्रोमिला तेव्हा नऊ वर्षांची होती. आईबाप नव्हते आणि भाऊ सदा घोड्यावर. लोकरखान्यात ऊब असते म्हणून ती तिथे येऊन ढिगावर बसायची. पेख्नाने दोन दिवस तिच्याकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी सरळ सांगून टाकले, "तुझ्या भावाच्या माणसांनी माझा नवरा मारला."

पोर पांढरीफटक पडली. "मग तू मला मारणार?"

"नाही. लोकरीतली कुसळं वेचायला लावणार. बस इथं."

तेव्हापासून ती रोज कुसळे वेचायला यायची. पेख्नाला ती मावशी म्हणू लागली. लोकरखान्याची खिडकी किल्ल्याच्या मागच्या तटाकडे उघडत होती आणि त्या तटावर राजा आपले कैदी टांगायचा. कधी चार, कधी अकरा. काही लगेच मरत नसत. दोब्रोमिला चौदा वर्षांची झाली तेव्हापासून पाण्याची घागर घेऊन तटाखाली जायची आणि काठीला ओले फडके बांधून त्यांच्या ओठांना लावायची. पहारेकरी हसायचे. एक जण एकदा तिच्या घागरीत थुंकला. ती परत विहिरीवर गेली आणि घागर विसळून भरून आणली.

सतरावे लागले तेव्हा तिने भावाला सांगितले, "दादा, मला दलदलीपलीकडच्या मठात जायचंय. तिथल्या साध्वी महारोग्यांना सांभाळतात."

राजा जेवत होता. त्याने मान वर केली नाही. "तुला लोटारच्या घरी जायचंय. त्याच्याकडं तीनशे भालाईत आहेत. महारोग्यांकडं किती आहेत?"

लोटार हा पश्चिमेकडचा सरदार, वयाने तिच्या बापाएवढा. त्याने दोन बायका पुरल्या होत्या. दुसरी जिन्यावरून पडली की ढकलली, याबद्दल सैपाकघरात दोन मते होती.

वाङ्‌निश्चयाच्या दिवशी भर दुपारी दिवाणखाना माणसांनी भरला. डुकराचे भाजलेले मांस, मधाची दारू, वाजंत्री. लोटारने मुलीची वेणी हातात धरून 'ही माझी' असे म्हणायचे, अशी तिकडची रीत. त्याने हात पुढे केला तेव्हा दोब्रोमिलाने बाहीतून मला काढले. सकाळीच तिने मला लोकरखान्यातून उचलले होते. दाट, गव्हाळ वेणी; मला चार वेळा दाबावे लागले. शेवटी वेणी तुटली आणि तिने ती लोटारच्या हातात ठेवली.

"पाहुणे, तुमच्या वाट्याची एवढीच. बाकीची मी देवाला दिली."

वाजंत्री थांबली. राजा जागेवरून उठला आणि हातातला पितळी पेला त्याने तिच्या तोंडावर हाणला. तिचे पुढचे दोन दात पडले. मी जमिनीवर पडले होते. त्याने मला उचलले.

"ही कातर कुणाची?"

त्याने मला सगळ्यांसमोर उंच धरले.

"कुणाची म्हणतो मी?"

"माझी," दारापासून पेख्ना म्हणाली.

"मी चोरली! मावशीला ठाऊक नव्हतं, दादा!" दोब्रोमिला रक्ताच्या गुळण्या टाकत ओरडली. "माझा हात काप, तिला सोड!"

"आपल्या घरात काय चाललंय ते जिला ऐकू येत नाही," राजा म्हणाला, "तिला दोन कान कशाला?"

मित्रांनो, दोघांनी पेख्नाला धरले. मी लोखंड आहे. मूठ ज्याची, त्याचे मी ऐकते. मला नाही म्हणता येत नाही. लोकरीपेक्षा कान कापायला सोपा असतो. हे मला कळले नसते तर बरे झाले असते.

लोटार मात्र हसत सुटला. "बोडकी आणि बोळकी बायको घेऊन मी करू काय?" म्हणाला आणि आपले भालाईत घेऊन चालता झाला. राजाने दोघींना दाराबाहेर काढले. मलाही त्यांच्यामागे फेकले.

मठाची वाट दोन दिवसांची. पेख्नाच्या डोक्याला लुगड्याची पट्टी बांधलेली आणि दोब्रोमिलाचे तोंड सुजलेले. पोर सारखी रडत होती.

"माझ्यामुळं झालं, मावशी. मला देवाकडं जायचं होतं आणि किंमत तू दिलीस."

"होय, तुझ्यामुळंच झालं," पेख्ना म्हणाली. "ते विसरू नकोस. पण रडूही नकोस. एका परीनं बरंच झालं. आता राजाचे हुकूम मला अर्धेच ऐकू येतील."

दोब्रोमिला रडता रडता हसली आणि फुटलेल्या ओठातून पुन्हा रक्त आले.

मठमाता आग्नेटा मोठी व्यवहारी बाई. राजाची बहीण मठात आली म्हणून तिने प्रार्थनागृहात पुढची जागा आणि उशी मांडून ठेवली.

"राजघराण्याचा मान मठाला हवाय, पोरी."

"मान बसवा पुढं, आई. मला मागच्या पडवीत जागा द्या."

मागच्या पडवीत चाळीस महारोगी होते. तिथे माझी दुसरी नोकरी सुरू झाली. जुने कापड उकळायचे, माझ्या पात्यांनी त्याच्या पट्ट्या कापायच्या, सडलेल्या जखमा धुऊन त्या बांधायच्या. दोब्रोमिला मला दर शनिवारी दगडावर घासायची, मेंढीची चरबी लावायची आणि कमरेच्या दोरीला अडकवायची. तुम्हाला वाटेल, ती फार शांत असेल. तसे काही नव्हते. ती तापट होती. काम चुकवणाऱ्या एका साध्वीला तिने एकदा पेजेचा वाडगा फेकून मारला होता आणि मग तीन दिवस तिच्या वाट्याची भांडी घासली होती.

पडवीतल्या माणसांसाठी ती ओल्शान्यात भाकरी मागायला जायची. लोक तिला दगड मारायचे. रोग येईल म्हणून दारे लावायचे. पिठाच्या चक्कीवाल्याची बायको विख्ना हिची जीभ तर चक्कीपेक्षा जोरात चाले.

"आली बघा, महारोग्यांची पट्टराणी! दात नाहीत तर भाकरी चावतेस कशानं गं?"

"भिजवून देतेस का?" दोब्रोमिला विचारायची.

विख्ना खरकटे पाणी तिच्या अंगावर ओतायची. अशी नऊ वर्षे गेली.

दहाव्या वर्षी बर्फ वितळता वितळता पूर्वेकडून तातार स्वार आले. तीन दिवस क्षितिजावर धूर दिसत होता. चौथ्या दिवशी सकाळी मठाच्या फाटकाशी एक लंगडा घोडा येऊन उभा राहिला आणि त्याच्यावरून एक माणूस खाली कोसळला. त्याच्या मांडीत बाण घुसलेला होता. तो राजा वोइस्लाव होता. त्याचे सैन्य कापले गेले होते.

त्याला फाटकाशेजारच्या दगडी लोकरखोलीत आणले. बाणाभोवतीचे चामडे कापायला दोब्रोमिलाने मला पेख्नाच्या हातात दिले. पेख्नाने मला उघडले आणि राजाच्या गळ्याला लावले.

"ओळखलं का, राजे?"

त्याच्या गळ्यातली शीर माझ्या पात्याखाली उडत होती. त्याने ओळखले. 

"मावशी," दोब्रोमिला म्हणाली. ती आडवी आली नाही. "मी तुझा हात धरणार नाही. तो हक्क मला नाही. पण मला मांडी दिसतेय आणि ती सडायला लागलीय."

पेख्नाने त्या मांडीकडे पाहिले. मग तिने मला खाली आणले आणि चामडे कापले. "ऱ्हा जिवंत," ती म्हणाली. "मेलास तर तुझं ओझं मला वाहावं लागेल."

तेवढ्यात घंटा वाजली. स्वार नदी ओलांडत होते. दलदलीतून पलीकडच्या जंगलात जायला फळ्यांची एक वाट होती आणि ती ओल्शान्यात नांदलेल्या पेख्नालाच ठाऊक होती.

"सगळ्यांना घेऊन जा," दोब्रोमिला तिला म्हणाली.

"आणि तू?"

"पांगळ्यांना चालायला वेळ लागेल. फाटकात कुणीतरी बोलत राहायला हवं."

"मी नाही जाणार तुला टाकून."

"मग ती चाळीस माणसं चिखलात बुडतील. जा, मावशी. आज पूर्ण ऐक माझं, अर्धं नको."

पेख्ना गेली. मठमाता आणि साध्वी एकेका रोग्याला पाठीवर घेऊन तिच्यामागे गेल्या. राजाला चालता येत नव्हते. दोब्रोमिलाने त्याला लोकरीच्या ढिगाखाली दडवले, मला कमरेला अडकवले आणि फाटकात जाऊन उभी राहिली.

तीसेक स्वार आले. त्यांच्याबरोबर आपल्याच मुलखातला, मानेला दोर बांधलेला एक दुभाष्या होता.

"ते म्हणतायत, तुमचा राजा इथं आलाय. हा घोडा त्याचाच. त्याला बाहेर काढ, मठ सोडतो."

"इथं आजारी येतात. नाव विचारायची रीत नाही," ती म्हणाली.

त्यांनी तिचा डावा हात फाटकाच्या चौकटीवर धरला आणि लोखंडी गदेने बोटे फोडली. ती किंचाळली. दुभाष्या रडत होता.

"बाई, सांगून टाका हो!"

"सांगते," ती म्हणाली आणि सांगू लागली. मठ कोणी बांधला, विहीर किती खोल आहे, मेंढ्या कधी वितात. ती बोलत राहिली. मला कळत होते की प्रत्येक वाक्याला फळ्यांवर कोणीतरी एक पाऊल पुढे टाकत आहे. गदा पाच वेळा खाली आली. लोकरखोली दहा पावलांवर होती. लोकरीचा ढीग हलला नाही.

शेवटी स्वारांचा धीर सुटला. एकाने तिच्या पोटात तलवार खुपसली. त्यांनी प्रार्थनागृह पेटवले, पडवी पेटवली आणि महारोग्यांच्या चिंध्या पाहून लोकरखोलीत न शिरताच घाईने निघून गेले. मित्रांनो, तातारांना राक्षस म्हणणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. सुलेकला मारणारा स्वार तर आमच्याच भाषेत बोलत होता. भाला कोणाचा आहे, हे ज्याच्यात तो शिरतो त्याला सारखेच.

राजा सरपटत तिच्याजवळ आला. संध्याकाळपर्यंत पेख्ना परतली आणि तिने पोरीला लोकरखोलीत निजवले. दोब्रोमिला तिसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत जगली.

"किती पोचले?" तिने विचारले.

"सगळे. चाळीस. एक म्हातारा वाटेत गेला, पण चिखलात नाही, माझ्या पाठीवर."

"मग एकोणचाळीस म्हण की," ती म्हणाली. मग तिने भावाकडे पाहिले. "दादा, मावशीची..." तिचे वाक्य तिथेच राहिले.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जंगलात लपलेले गावकरी बाहेर आले. एकटीने तीस स्वारांना अडवले, ही बातमी वणव्यासारखी पसरली होती. 'संत! संत!' म्हणत शेकडो माणसे लोकरखोलीत घुसली. संताच्या देहाचा कण घरात असला की रोगराई शिवत नाही, असे त्यांना वाटे. सर्वांत पुढे विख्ना होती. तिने दोब्रोमिलाच्या कमरेवरून मला ओढले.

"मला केस हवेत! माझ्या गाईसाठी!"

तिने केस कापले. मग माझ्यासाठी हाणामारी जुंपली. हातातून हातात जात मी दोब्रोमिलाची वस्त्रे कापली, नखे कापली. कोणीतरी तिचे फुटलेले बोट माझ्या पात्यांत धरून दाबले. पेख्ना प्रेतावर आडवी पडली.

"अरे, जिवंत होती तेव्हा शिळा तुकडा दिला नाहीत! आता तुकडे नेता?"

त्यांनी तिला लाथा घातल्या. तिच्या दोन फासळ्या मोडल्या. सर्वांच्या ओठांवर प्रार्थना होती. गदेच्या पाच घावांपेक्षा मला त्या प्रार्थनांची जास्त भीती वाटली. शेवटी राजाचे उरलेसुरले शिपाई आले आणि त्यांनी काठ्यांनी गर्दी पांगवली.

बारा वर्षे गेली. राजाने जळक्या जागेवर मोठे दगडी चर्च बांधले आणि रोग्यांसाठी मागे नवी पडवी. बहिणीला संत ठरवावे म्हणून त्याने धर्मपीठाकडे अर्ज केला. चौकशीसाठी एक वृद्ध बिशप लेखनिकांना घेऊन आला. चर्च माणसांनी गच्च भरले. पुरावा म्हणून मला बिशपसमोर चौरंगावर ठेवले होते, म्हणून मी सारे ऐकले.

विख्ना म्हणाली, "मी तर पहिल्यापासून ओळखलं होतं. तिच्या अंगाला गुलाबाचा वास यायचा."

मग पेख्नाला बोलावले. ती पार वाकली होती.

"आजी, तुम्ही तिच्याबरोबर राहिलात. चमत्कार सांगा," बिशप म्हणाला.

"गुलाब मला ठाऊक नाही. पडवीत पुवाचा वास यायचा. तिला तो सोसायचा नाही. बाहेर जाऊन ओकायची, तोंड पुसायची आणि परत आत यायची. नऊ वर्षं, रोज. हा चमत्कार लिहिता येतो का बघा."

लेखनिकाने बिशपकडे पाहिले. "लिही," बिशप म्हणाला.

"आणि मृत्यू? अर्जात लिहिलंय की राजे तेव्हा रणात लढत होते."

पेख्नाने राजाकडे पाहिले.  ती एका शब्दाने त्याचे राज्य घालवू शकत होती.

"ते राजांना विचारा," ती म्हणाली.

वोइस्लाव उंच खुर्चीवर बसला होता. तो काठीच्या आधाराने उठला.

"मी रणात नव्हतो. मी लोकरीच्या ढिगाखाली होतो, दहा पावलांवर. गदा पाच वेळा पडली, मी मोजली. माझ्या हातात तलवार होती. मला बाहेर येता आलं असतं." त्याने पेख्नाकडे पाहिले. "मी आलो नाही."

कोणीतरी थुंकले. तो लंगडत पायऱ्या उतरला आणि पेख्नापुढे गुडघ्यांवर बसला. "मला माफ करा."

 "कान माझा होता, त्याची माफी देते," ती म्हणाली. "सुलेकची त्याच्यापाशी आणि पोरीची पोरीपाशी. ती मी कुठनं आणू? ऊठ. पडवीत पट्ट्या उकळायला माणूस कमी आहे."

तो खरोखरच गेला. राज्य चुलतभावाच्या मुलाला देऊन मरेपर्यंत तो पडवीत चिंध्या उकळत राहिला. लोक त्याला भ्याड राजा म्हणत. तो ऐकून घेई.

दोब्रोमिला संत झाली. पेख्ना गेली, राजा गेला. मला चांदीच्या पेटीत, मखमलीवर, काचेखाली ठेवले आहे. लांबलांबून माणसे येतात, काचेचे मुके घेतात, डोळे पुसतात. त्यांची भक्ती खोटी नाही. पण शेकडो वर्षांत मला कोणी दाबलेले नाही. माझी पाठ ताठरली आहे आणि पात्यांवर तांबडा गंज चढला आहे.

मित्रांनो, या वेदीच्या मागच्या दाराने वीस पावले गेलात तर पडवी लागते. आजारी माणसे आजही तिथेच असतात. आज सकाळी तिथली एक तरुण साध्वी जखमेची पट्टी दातांनी फाडत होती, कारण चांगली कातर पेटीत आहे. तुम्ही मला फुले वाहू नका. कोणालातरी सांगून ही काच उघडा, मला दगडावर घासा, थोडी चरबी लावा आणि त्या मुलीच्या हातात द्या.